फिल्टरमध्ये काय भरायचं ते नळाला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती मत्स्यालयावर पानभर मजकूर आला होता. फोटो सुरेख होते, माशांची माहितीही बरी होती. फिल्टरविषयीच्या चौकटीत मात्र दोन सल्ले असे छापले गेलेत, की ते मनावर घेणाऱ्यांचे मासे काही टिकायचे नाहीत. एक, फिल्टरमधला मीडिया, म्हणजे पाणी गाळायला आत भरलेला माल, महिन्यातून एकदा वाहत्या नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुवावा आणि दर तीन महिन्यांनी सगळा बदलावा. दुसरा, मीडिया जितका महाग तितकं पाणी निर्मळ. पहिला सल्ला घातक आहे. दुसरा निव्वळ दुकानदाराच्या सोयीचा. दोन्हींची दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे, आणि ती का, हे जरा सविस्तर लिहिते. पत्र लांबलं तर खुशाल कात्री चालवा, फक्त तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, शिंपांचा भाग कापू नका.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात ईटीपीची, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, लॅब सांभाळत होते. नोकरीचा सगळा काळ जिवाणूंची मर्जी राखण्यात गेला. आता निवृत्तीनंतर नेरूळच्या घरात तीन फुटी टाकी आहे. वाळू-दगड वजा जाता शंभरेक लिटर पाणी, त्यात एंजल आणि तळाशी फिरणारे थोडे कोरी. कारखान्यातली एअरेशन टँक, म्हणजे हवा सोडून जिवाणू पोसायची टाकी, आणि ही काचेची टाकी, यांत मला आकार सोडला तर फारसा फरक दिसत नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून आणखी अमोनिया होतो. तो विषारी. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, तेही विषारी. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते पुष्कळ सौम्य, आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. पुस्तकांत दुसऱ्या गटाचं नाव वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टर असं छापलं जायचं. १९९८ साली मत्स्यालयांच्या फिल्टरमधलेच जिवाणू तपासले गेले, तेव्हा तिथे नायट्रोस्पिरा निघाले. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारे नायट्रोस्पिराही सापडले.

हे सगळे पाण्यात तरंगत नाहीत. पृष्ठभागाला चिकटून राहतात. फिल्टर उघडल्यावर स्पंजावर जो तपकिरी बुळबुळीत थर दिसतो आणि जो पाहून आपण नाक मुरडतो, त्यातच हे बसलेले असतात. साधे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. हे आळशी, यांना निम्मा-पाऊण दिवस तरी हवा, बऱ्याचदा त्याहूनही जास्त. म्हणून नवी टाकी बसायला चार ते सहा आठवडे जातात. आता नळाचं पाणी घ्या. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. तो जिवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो, आणि वाईट जिवाणू कोणते, चांगले कोणते, हे त्याला कळत नाही. वाहत्या नळाखाली स्पंज चोळून धुणं म्हणजे कामगारांची सगळी पाळी एका झटक्यात कामावरून काढणं. पावसाळ्यात, ब्लीचिंगचा वास नाकाला कळण्याइतका असतो तेव्हा, हे जास्तच बाधतं.

धुवायचं कसं? पाणीबदलाच्या वेळी टाकीतून काढलेलं जुनंच पाणी बादलीत घ्यायचं, स्पंज त्यात दोन-चारदा पिळायचा, पाणी झाडांना घालायचं. स्पंज तपकिरीच राहणार, राहू द्यावा. बदलायचा तो फक्त पांढरा वूल, कारण त्याचं काम कचरा अडवण्याचं आहे आणि कचऱ्यासकट तो फेकायचाच असतो. स्पंज फाटून लिबलिबीत झाला तर नवा घ्यावा, पण अर्धा आज, अर्धा महिन्या-दीड महिन्याने. नवी टाकी लावणाऱ्या शेजाऱ्याला जुन्या स्पंजाचा तुकडा द्यावा, विरजण देतो तसा. त्याचे ते चार-सहा आठवडे बरेच कमी होतात.

आता महागाचं बघू. दुकानात जाऊन फिल्टर मीडिया मागितला की समोर पाकिटं येतात आणि पाकिटावर आकडे. एका लिटरमध्ये इतकेशे चौरस मीटर पृष्ठभाग. आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो मोजतात कोरड्या मालावर, अगदी सूक्ष्म छिद्रांच्या आतल्या भिंती धरून. त्या छिद्रांत पाणी फिरत नाही, ऑक्सिजन पोचत नाही, आणि बाहेरच्या तोंडाशी जिवाणूंचा थर बसला की आतली वाट बंद. कारखान्यात मीडियाचे विक्रेते असेच तक्ते घेऊन यायचे. आम्ही एकच विचारायचो, गाळ साचल्यावर यातला किती पृष्ठभाग उरतो? उत्तराऐवजी चहाची चौकशी व्हायची.

माझ्या मते घरगुती टाकीसाठी सर्वांत उपयोगी मीडिया म्हणजे फिल्टरचा साधा उघड्या जाळीचा फोम. त्याची जाडी-बारकी पीपीआयमध्ये मोजतात, म्हणजे एका इंचात किती छिद्रं. वीसचा जाड, तिसाचा मध्यम. पंचेचाळीसचा बारीक, तो लवकर चोंदतो. पाणी आधी वीसमधून, मग तिसातून, शेवटी वूलमधून न्यायचं. एवढ्यावर शंभर लिटरची टाकी निवांत चालते, आणि हा माल कुठल्याही मत्स्यालयाच्या दुकानात परदेशी पाकिटाच्या कितीतरी कमी पैशांत मिळतो. सोफ्याचा किंवा गादीचा फोम मात्र आणू नका. त्यातल्या बऱ्याच छिद्रांवर पातळ पडदे असतात आणि त्यात काय रसायन मुरवलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. वूल संपला तर उशीत भरतात तो पॉलिस्टरचा रेक्रॉन चालतो, औषधाच्या दुकानातला कापूस नाही. कापूस कुजतो.

सिरॅमिक रिंग्ज वाईट नाहीत. फक्त घेताना कोरड्या रिंगवर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब चटकन आत जिरला तर माल सच्छिद्र, वर मोत्यासारखा बसून राहिला तर ती छिद्रं नसलेली भाजलेली माती आहे, पैसे परत घ्या. फुटक्या माठाच्या खापऱ्या याच परीक्षेला सहज उतरतात आणि फुकट असतात. माझ्या टॉप फिल्टरच्या, म्हणजे टाकीच्या वर बसणाऱ्या उघड्या फिल्टरच्या, एका कप्प्यात गेल्या उन्हाळ्यातला माठ आहे.

बायो-बॉल नावाचे काटेरी प्लास्टिकचे गोळे दिसायला फार ऐटदार. ते बनवलेत अशा फिल्टरसाठी जिथे पाणी वरून ठिबकतं आणि गोळ्यांच्या मधून हवा खेळते. बंद डब्याच्या कॅनिस्टरमध्ये पाण्यात बुडवून ठेवले की त्यांचा उपयोग जागा भरण्यापुरता. तसंच छोट्या चाकांचं. ही चाकं आमच्या ईटीपीतली, मी त्यांना चांगली ओळखते. नॉर्वेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र विकसित झालं, एमबीबीआर म्हणतात त्याला. तळातून हवा सोडून चाकं सतत गरगरत ठेवायची, म्हणजे जुना थर झडतो आणि नवा वाढतो. कुर्ल्याच्या माशांच्या बाजारात ती किलोवर मिळू लागलीत आणि लोक ती टॉप फिल्टरच्या ट्रेमध्ये गच्च दाबून भरतात. न फिरणारी चाकं म्हणजे प्लास्टिकचे तुकडे, बाकी काही नाही.

ॲक्टिव्हेटेड कार्बनविषयी जरा सांगायलाच हवं, कारण तो सगळ्यांना आवडतो. काळा म्हटला की काहीतरी जालीम वाटतो. कारखान्यात शेवटच्या टप्प्याला एसीएफ, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर, असतो, वाळूच्या फिल्टरनंतर. कार्बन रंग, वास, औषधं, सेंद्रिय पदार्थ आणि क्लोरीन धरतो. अमोनिया धरत नाही. हे वाक्य प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लावायला हवं. आयोडीन नंबर, म्हणजे कार्बनच्या शोषण्याच्या ताकदीचं माप, नऊशे-हजाराच्या घरातला नारळाच्या करवंटीचा कार्बन चांगला. दुकानातल्या सुट्या पिशवीवर नंबर नसतो, तेव्हा घरी मेथिलिन ब्लूचा थेंब पेलाभर पाण्यात टाकून त्यात चमचाभर कार्बन ढवळून ठेवावा. संध्याकाळपर्यंत निळेपणा गेला तर माल कामाचा. टाकीत तो दोन-चार आठवड्यांत भरून जातो, मग तो कार्बन राहत नाही, काळे खडे राहतात. लाकूड घालून पाणी चहासारखं झालं, किंवा आजाराचा औषधोपचार संपल्यावर औषध काढायचं असलं, तर कार्बन घालावा. औषध चालू असताना तो आधी बाहेर काढावा, नाहीतर औषध माशाऐवजी कार्बन पिणार. बाकी वर्षभर मी तो वापरत नाही.

झिओलाइटचे पांढरट खडे अमोनिया खरोखर धरतात. नव्या टाकीत अचानक मासे आजारी पडले, किंवा फिल्टर बंद पडला, तर आणीबाणीला उपयोगी. पण ती आयनांची अदलाबदल आहे. मिठाच्या पाण्यात झिओलाइट धरलेला अमोनिया सोडून देतो, किंबहुना मिठाच्या पाण्यात भिजवूनच तो पुन्हा ताजा करतात. पांढऱ्या ठिपक्यांवर उपाय म्हणून टाकीत खडेमीठ घालणारे बरेच आहेत. त्यांनी आधी फिल्टरमध्ये झिओलाइट नाही ना, हे पाहावं.

आता मुद्द्याचं, जे आपल्या लेखात औषधालाही नव्हतं. आमच्या इमारतीतला दहावीतला मुलगा एकदा तक्रार घेऊन आला. "काकू, पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी मासे मरतात. नळाला खराब पाणी येतंय." टाकीत गोल्डफिश, फिल्टरमध्ये वडिलांनी आणलेल्या महागड्या रिंग्ज, सगळं काही नवंकोरं. टाकीचं पाणी तपासलं तर पीएच सहाच्या आसपास आणि अमोनिया भरपूर. नळाचं तपासलं तर पीएच साडेसात, अगदी निर्दोष.

काय झालं होतं ते सांगते. नेरूळला पाणी येतं मोरबे धरणाचं, खालापूरजवळ धावरी नदीवरचं, भोकरपाड्याला शुद्ध होऊन. हे काळ्या बेसॉल्टवरून वाहून साठलेलं पावसाचं पाणी, मृदू. माझ्या तपासणी किटवर त्याची अल्कलाइनिटी, म्हणजे आम्ल पचवून पीएच सांभाळण्याची ताकद, दोन डिग्री भरते, कधी तीन. एक डिग्री म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. आता ईटीपीत प्रत्येकाला तोंडपाठ असलेला आकडा: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करताना ७.१४ ग्रॅम अल्कलाइनिटी खर्च होते. म्हणजे दोन डिग्रीचे ३६ मिलिग्रॅम संपायला लिटरला ५ मिलिग्रॅम नायट्रोजन पुरे. तेवढ्याचं नायट्रेट होतं २२ मिलिग्रॅमच्या आसपास. गोल्डफिश ठेवणाऱ्या कुठल्याही घरी किटवर नायट्रेट वीस-पंचवीस ही मामुली गोष्ट आहे. आपल्याला वाटतं, अजून पाणी चांगलंय, आणि तिकडे पीएच सांभाळणारं सगळं संपलेलं असतं. पीएच साडेसहाखाली उतरला की जिवाणू सुस्तावतात, सहाशी जवळपास थांबतात. अमोनिया साचू लागतो.

मग मासे तेव्हाच का मरत नाहीत? कमी पीएचला जवळपास सगळा अमोनिया अमोनियम रूपात असतो, ते बरंचसं निरुपद्रवी. पीएच एकाने वाढला की विषारी भाग दहापट होतो. मुलाने अर्धी टाकी उपसून साडेसातचं ताजं पाणी ओतलं, पीएच चढला, साचलेला अमोनिया एका रात्रीत विष झाला. दोष नळाचा नव्हता, रिंग्जचाही नव्हता. रिंग्ज दहापट महाग असत्या तरी हेच झालं असतं, कारण जिवाणूंना राहायला घर होतं, वापरायला अल्कलाइनिटी नव्हती.

इथे शिंपा. तिसऱ्या करून खाल्ल्या की रिकाम्या शिंपा फेकू नका. ब्रशने घासून, उकळून, उन्हात वाळवून, जाड फोडून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा. नुसता कॅल्शियम कार्बोनेट. पीएच उतरू लागला की विरघळतो, वर असला की गप्प बसतो. माझ्या टाकीला मूठभर पुरतात. सुरुवात त्याहूनही कमी घेऊन करावी आणि दर आठवड्याला किटवर पाहावं, एंजलना फार कठीण पाणी मानवत नाही. ज्या मुलाची टाकी बिघडली होती तिथे आधी रोज थोडं-थोडं पाणी बदललं, मग पिशवी घातली. शाकाहारी घरांत संगमरवराची बारीक खडी घालावी, ती सावकाश विरघळते, पण चालते. प्रवाळाचा चुरा कुणी विकायला आला तर घेऊ नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

हाच सल्ला माझ्या धाकट्या बहिणीला दिला असता तर तिचं वाटोळं झालं असतं. ती ठाण्यात, घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते. त्यांच्या सोसायटीत वर्षातले कित्येक महिने टँकर, आणि टँकर बोअरवेलचा. काचेवर पांढरे कड बसतात, साबणाला फेस येत नाही. तिथे शिंपा घालणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं. तिच्याकडे मॉली आणि गप्पी आहेत, त्यांना असंच पाणी आवडतं. तिला लागतो तो कार्बन, आणि तोही टाकीत नाही. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर कधी चिमूटभर, कधी ओंजळभर पडते, म्हणून ती पाणीबदलाची बादली रात्रभर कार्बनच्या पिशवीवरून छोट्या पंपाने फिरवते आणि सकाळी ओतते. शिवाय क्लोरीन घालवणाऱ्या हायपोचे दोन खडे हाताशी असतातच. दोघी बहिणी, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, टाक्या तेवढ्याच, आणि फिल्टरमधला माल वेगळा.

वीज जाणं हाही आपल्याकडे मीडिया निवडण्याचाच भाग. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. बंद कॅनिस्टरमध्ये पाणी थांबलं की आतला ऑक्सिजन जिवाणू लवकरच संपवतात, आणि देखभालीसाठी दुपारभर वीज बंद राहिली तर डब्यात कुजलेल्या अंड्याचा वास येतो. वीज आल्यावर ते पाणी तसंच टाकीत जाऊ देऊ नका. आधी डब्यातलं पाणी ओतून टाका, मग सुरू करा. टॉप फिल्टर उघडा असतो, त्याचं इतकं बिघडत नाही. ज्यांच्याकडे कॅनिस्टरच आहे त्यांनी टाकीत एक साधा हवेवर चालणारा स्पंज फिल्टर कायम ठेवावा आणि बॅटरीचा एअर पंप घरात असू द्यावा. निम्मे जिवाणू तरी जागे राहतात.

शेवटी एक काम आपल्या वार्ताहरांसाठी. आयएस १०५०० मध्ये अल्कलाइनिटीला आणि कठीणपणाला लिटरला २०० मिलिग्रॅमची वरची स्वीकार्य मर्यादा आहे (दुसरा स्रोत नसेल तर ६००), खालची नाही. त्यामुळे अतिमृदू पाणी प्रत्येक तपासणीत बिनबोभाट पास होतं आणि त्याचा आकडा कुणी विचारत नाही. नवी मुंबई आणि ठाणे महापालिकेच्या पाण्याचे स्रोत वेगवेगळे आहेत. मोरबे, भातसा, बारवी, प्रत्येकाची अल्कलाइनिटी आणि कठीणपणा दोन्ही महापालिकांकडून मिळवून विभागवार छापा. वर्षातून दोनदा पुरे, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये, कारण पावसाचं ताजं पाणी आलं की आकडे खाली येतात.

आपली नम्र,
एक निवृत्त केमिस्ट
नेरूळ, नवी मुंबई